कप्तान इव्हान्सचं प्यादं

घरातलं मोठं माणूस बुद्धिबळ शिकवायला बसलं की पहिली ताकीद देतं ती फुकट काही न देण्याची. घोडा अडीच घरं कसा जातो आणि उंट तिरका का चालतो, हे सगळं मागाहून. आधी आपलं मोहरं बेवारस सोडायचं नाही. ही ताकीद धाब्यावर बसवणारी एक चाल १८२४ च्या सुमारास एका वेल्श दर्यावर्दीला सुचली. डाव जेमतेम सुरू झालेला असताना त्याने वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं आणि सरळ काळ्याच्या उंटाच्या तोंडी दिलं. प्याद्याला आधार नव्हता आणि ते मारलं गेलं तर लगेच बदल्यात काही मिळणारही नव्हतं. या एका प्याद्याची खरी किंमत काय, यावर पुढची पावणेदोनशे वर्षं जगातले उत्तमोत्तम खेळाडू भांडत राहिले. त्या भांडणात जगज्जेतेपदाच्या तीन लढती आल्या, समुद्राखालून गेलेल्या तारा आल्या आणि शेवटी आपला विश्वनाथन आनंदही आला.

अशा डावाला गॅम्बिट म्हणतात. हा शब्द बुद्धिबळात आणला तो रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याने, १५६१ साली छापलेल्या आपल्या पुस्तकातून. इटलीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या पायात पाय घालून त्याला पाडण्याला जे नाव होतं, त्यावरून त्याने तो घेतला. मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपल्याकडे पटावरही डाव आणि आखाड्यातही डाव. टांग मारणारा पैलवान क्षणभर एका पायावर उभा असतो. तेवढ्यात समोरचा आडवा झाला तर ठीक, नाहीतर स्वतःच्याच पाठीला माती लागायची. गॅम्बिटचं गणित याहून फार वेगळं नाही.

विल्यम डेव्हिस इव्हान्सचा जन्म १७९० चा, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा. चौदाव्या वर्षी तो जहाजावर गेला. पुढे मिलफर्ड हेवन बंदरातून आयर्लंडमधल्या वॉटरफर्डला सरकारी टपाल पोहोचवणाऱ्या जहाजांवर तो कप्तान झाला. बुद्धिबळ त्याने वयाच्या मानाने उशिरा, तिशीच्या आसपास मनावर घेतलं. त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी म्हणजे नौदलातला लेफ्टनंट हॅरी विल्सन. लंडन-पॅरिसच्या क्लबांत आणि कॅफेंत मुरलेल्या उस्तादांपैकी हा कप्तान नव्हता. तो आपला डोकं शाबूत असलेला सरकारी नोकर होता, आणि फावल्या वेळात पटावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोळवत होता. मला वाटतं, म्हणूनच त्याला हे सुचलं. उस्तादाला पोथी पाठ असते, आणि पोथीत प्यादं फुकट द्यायची ही जागा कुठेच नव्हती.

आता पट मांडा. दोन्ही बाजूंनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. पांढऱ्याचा राजाकडचा घोडा बाहेर येऊन काळ्याच्या प्याद्यावर नजर ठेवतो, काळा वजिराकडच्या घोड्याने त्याला आधार देतो. मग दोघेही राजाकडचा उंट तिरका, लांबवर बाहेर काढतात. इथवरच्या मांडणीला इटालियन खेळाडूंनी ‘शांत डाव’ म्हटलं होतं आणि ते नाव शोभत होतं. इव्हान्सने नेमकी इथेच शांतता मोडली. घोड्यासमोरचं प्यादं त्याने उंटाच्या अंगावर सोडलं. काळ्याने ते खाल्लं की पांढऱ्याचं शेजारचं प्यादं एक घर पुढे येऊन त्याच उंटाला हुसकावतं. उंट पळतो. पहिल्या पाच चालींतल्या तीन काळ्याने त्या एकाच उंटावर घालवलेल्या असतात. तेवढ्या अवधीत पांढऱ्याला मध्यावर दुसरं प्यादं रेटायला, राजा किल्लेकोटात नेऊन सुरक्षित करायला आणि वजीर काढून काळ्याच्या राजाशेजारच्या घरावर रोखायला मोकळीक मिळते. त्या घराला राजाशिवाय कुणाचाही आधार नसतो. शिवाय पुढचं प्यादं गेल्यामुळे पांढऱ्याच्या दुसऱ्या उंटाला पटाच्या कडेवरून एक लांब तिरपी वाट मिळते, आणि काळ्याचा राजा किल्लेकोट करायला निघाला की तो उंट त्याच वाटेवर आडवा येतो.

थोडक्यात, इव्हान्सने एक प्यादं देऊन वेळ विकत घेतली. भरतीची वेळ चुकली की जहाज बंदरातच अडकून पडतं, हे कप्तानाला ठाऊक असतं. त्याला ही चाल समुद्रावरच सुचली असं म्हणतात, आणि ते खोटं मानावंसं वाटत नाही.

१८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात इव्हान्स लंडनला आला आणि अलेक्झांडर मॅक्डॉनेलसमोर बसला. मॅक्डॉनेल बेलफास्टचा. वेस्ट इंडीजच्या व्यापारात पैसा कमावलेला, आणि त्या काळी इंग्लंडमधला सर्वांत बळकट खेळाडू. कप्तानाने त्याला वीस चालींत मात केलं. डावाच्या मध्यावर त्याने हत्ती देऊन काळ्याच्या घोड्याचा पहारा मोडला आणि उघड्यावर पडलेल्या राजाला वजिराने घराघरांतून हाकत नेलं. शेवटी ज्या उंटाने मात केली तो प्याद्याच्या बलिदानातून मोकळा झालेला उंटच होता. मॅक्डॉनेल हरला, पण शहाणा होता. त्याने ते हत्यार तिथल्या तिथे आपल्या भात्यात घातलं. १८३२ साली विल्यम लुईस या लंडनच्या खेळाडूने आपल्या पुस्तकात या चालीचं पहिलं विश्लेषण छापलं आणि टपाल कप्तानाचं नाव तिला कायमचं चिकटलं.

दोन वर्षांनी, १८३४ च्या उन्हाळ्यात, लंडनच्या वेस्टमिन्स्टर चेस क्लबात ते हत्यार जगासमोर आलं. मॅक्डॉनेलसमोर होता फ्रान्सचा ला बुर्दोने. हे नाव भारतीय वाचकाने इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं असेल. १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच सेनानी ला बुर्दोने याच्याच घराण्यातला. वंशजाने मात्र पॅरिसच्या कॅफेत बुद्धिबळावर पोट भरलं. दोघांनी त्या उन्हाळ्यात एकामागून एक सहा सामने खेळले, एकूण ८५ डाव. ला बुर्दोनेने ४५ जिंकले, मॅक्डॉनेलने २७, तेरा बरोबरीत सुटले. फ्रेंच माणसाला इंग्रजी येत नव्हतं, इंग्रजाळलेल्या आयरिश माणसाला फ्रेंच येत नव्हतं. दोघांमध्ये फक्त ‘शह’ हाच एक शब्द बोलला जाई, अशी आठवण सांगतात.

तेव्हा बुद्धिबळात घड्याळं नव्हती. मॅक्डॉनेल एकेका चालीवर इतका वेळ बसे की समोरचा वैतागून जाई. ला बुर्दोने भराभर खेळे, मोठ्याने हसे, हरला की शिव्या घाली, आणि डाव संपला की तिथेच आणखी कुणाबरोबर पैसे लावून मध्यरात्रीपर्यंत खेळत बसे. या सगळ्यात क्लबाचा वृद्ध चिटणीस विल्यम ग्रीनवुड वॉकर शेजारी बसून चाली टिपून घेत होता. त्याने ते केलं नसतं तर हा सामना आज नुसती दंतकथा असता. इतक्या मोठ्या लढतीचे इतके डाव त्याआधी कुणी टिपून ठेवले नव्हते. इव्हान्स गॅम्बिट या डावांत पुन्हा पुन्हा दिसतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी. ज्या चालीने फ्रेंच उस्तादाला आधी बुचकळ्यात टाकलं तीच त्याने पुढे मॅक्डॉनेलवर उलटवली. पुढच्याच वर्षी मॅक्डॉनेल मूत्रपिंडाच्या आजाराने सदतिसाव्या वर्षी गेला. ला बुर्दोने १८४० मध्ये लंडनलाच कफल्लक अवस्थेत गेला. दोघेही केन्सल ग्रीनच्या एकाच दफनभूमीत आहेत.

इथे क्षणभर आपल्या घराकडे वळायला हरकत नाही. तेव्हा आपल्याकडे जे बुद्धिबळ खेळलं जाई, त्यात इव्हान्सची चाल शक्यच नव्हती. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही सहसा एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. असा खेळ सावकाश उमलतो. त्यात प्यादी आधी नीट रचायची, मग मोहरी मागून आणायची, आणि चौथ्या चालीला घाव घालायचा प्रश्नच उद्भवत नाही. १८४८ च्या सुमारास कोलकात्यात राहणाऱ्या जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली खेळाडू भेटला. त्या दोघांच्या डावांत ही देशी सवय स्पष्ट दिसते. कॉक्रेन मध्य बळकावून प्यादी-मोहरी देत सुटतो; बॅनर्जी उंट कडेला दडवून मध्य दुरून पोखरतो. पुढे या मांडणीला ‘इंडियन’ असं नाव पडलं. अर्ध्या जगात प्यादं फेकण्याची लाट आलेली असताना दुसरीकडे ते जपण्याची शाळा आधीपासून भरत होती.

पण युरोपला जपण्याची हौस नव्हती. १८५१ ची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्या अडोल्फ अँडरसनने दुसऱ्या वर्षी बर्लिनमध्ये ज्याँ द्युफ्रेनविरुद्ध इव्हान्स खेळला. अँडरसन ब्रेस्लाऊच्या शाळेत गणित शिकवत असे. सुट्टीत बुद्धिबळ खेळणारा हा सभ्य गृहस्थ पटावर बसला की वेगळाच माणूस होई. या डावात त्याने आधी घोडा दिला, मग हत्ती, मग चक्क वजीर. उरलेल्या दोन उंटांनी आणि काळ्याच्या प्रदेशात घुसलेल्या एका प्याद्याने चोविसाव्या चालीला मात पुरी केली. काळ्याचा वजीर तेव्हा पांढऱ्याच्या राजाला एका चालीत मात करायला टपलेला होता. पांढऱ्याची प्रत्येक चाल शह देणारी नसती तर अँडरसनच हरला असता. स्टाइनिट्झने पुढे या डावाला अँडरसनच्या मुकुटातलं सदाहरित पान म्हटलं आणि तो ‘एव्हरग्रीन’ या नावानेच अमर झाला. अभ्यासकांनी नंतर उत्खनन करून द्युफ्रेनला वाचायच्या वाटा शोधून काढल्या. शोधोत बापडे. द्युफ्रेनला त्या घटकेला त्या दिसल्या नाहीत, आणि गॅम्बिटचं सारं बळ या ‘त्या घटकेला’ शब्दांत आहे.

ज्याने हे नाव दिलं त्याच विल्हेल्म स्टाइनिट्झने इव्हान्सवर खटला चालवला. प्रागमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये भांडलेला आणि अखेर अमेरिकेत स्थिरावलेला स्टाइनिट्झ १८८६ मध्ये पहिला अधिकृत जगज्जेता झाला. तरुणपणी तोही प्यादी उधळणाराच होता. मग त्याचं मत बदललं. समोरच्याने चूक केलेली नसेल तर हल्ला यशस्वी होताच कामा नये, असा त्याचा सिद्धान्त. प्यादं म्हणजे मालमत्ता. ते देणारा चूक करतो; घेणाऱ्याने सहन करावं, मागे सरावं, कोंडून घ्यावं, आणि हल्ल्याचा जोर ओसरला की उधारी वसूल करावी. हे त्याने १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘मॉडर्न चेस इन्स्ट्रक्टर’ या पुस्तकात लिहिलं आणि इव्हान्सविरुद्ध स्वतःच्या बचावाची शिफारस केली. तो बचाव म्हणजे सहाव्याच चालीला वजीर राजाकडच्या उंटाच्या प्याद्यापुढे काढायचा.

मिखाईल चिगोरिनला हे मानवणारं नव्हतं. १८५० चा जन्म, रशियन, आणि सिद्धान्त या शब्दाचा त्याला राग. हल्ल्याला त्याने आयुष्य दिलं होतं. १८८३ च्या लंडन स्पर्धेत त्याने स्टाइनिट्झला दोन्ही डावांत हरवलं होतं. हवानाच्या चेस क्लबाने जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी प्रतिस्पर्धी कोण हवा असं विचारलं, तेव्हा स्टाइनिट्झने याच माणसाचं नाव घेतलं. हे मला त्याच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं. जो माणूस आपल्याला हरवतो त्यालाच बोलवायचं, आणि तेही आपला सिद्धान्त सिद्ध करायला.

१८८९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात, ते सतरा डाव खेळले. पांढरी मोहरी हातात आली की चिगोरिन जवळजवळ दर वेळी चौथ्या चालीला तेच प्यादं पुढे करी. स्टाइनिट्झ दर वेळी ते घेई आणि मग मागच्या रांगेत गर्दी करून बसे. जगज्जेत्याची मोहरी अशी कोंडलेली पाहून प्रेक्षकांना हसू येत असेल, पण तो साडेदहा विरुद्ध साडेसहा गुणांनी जिंकला. सबंध लढतीत बरोबरी एकच.

भांडण तिथे मिटलं नाही. स्टाइनिट्झच्या पुस्तकातल्या दोन शिफारशी चुकीच्या आहेत असं चिगोरिनने जाहीर केलं, आणि १८९० च्या ऑक्टोबरात दोघांनी तारेने दोन डाव सुरू केले. एक न्यूयॉर्कहून, दुसरा सेंट पीटर्सबर्गहून. चाली अटलांटिकखालच्या तारेतून जाऊ लागल्या. इव्हान्सच्या डावात स्टाइनिट्झने पुस्तकाबरहुकूम वजीर काढला. तो वजीर हेलपाटे घालत घालत अखेर राजाशेजारी, उंटाच्या मूळच्या घरात येऊन बसला. घोडाही पहिल्या रांगेत परतला. घरात सामान भरून दार आतून अडवलेल्या माणसासारखी काळ्याची गत झाली होती, आणि बाहेर चिगोरिन प्रत्येक चालीला एकेक खिडकी फोडत होता.

त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये स्टाइनिट्झ इझिडोर गुन्सबर्गविरुद्ध जगज्जेतेपदासाठीही खेळत होता. गुन्सबर्गने मोका साधला. तारेवर जो बचाव अडचणीत आला होता तोच स्टाइनिट्झ पटावरही खेळेल, असं त्याने ताडलं आणि बाराव्या डावात त्याच्यावर इव्हान्स टाकला. दुसरा कुणी असता तर त्याने त्या दिवशी निमूट दुसरी वाट धरली असती. स्टाइनिट्झने पुन्हा वजीर काढला आणि चोवीस चालींत हरला. सामना मात्र त्याने जिंकला. १८९१ च्या वसंतात तारेवरचे दोन्ही डाव चिगोरिनने जिंकले. आपण चुकलो असं स्टाइनिट्झला तरीही वाटलं नाही. तपशील चुकला, तत्त्व नाही, हा त्याचा हेका. आणि आज मागे वळून पाहिलं तर तो नेमका बरोबर होता, यात मला थोडी विनोदी आणि थोडी कारुण्याची छटा दिसते.

१८९२ मध्ये दोघे पुन्हा हवानात भेटले. पहिल्याच डावात चिगोरिनने इव्हान्स खेळून सुरेख विजय मिळवला. लढत तेविसाव्या डावापर्यंत ताणली गेली. तेव्हा स्टाइनिट्झचे नऊ विजय होते, चिगोरिनचे आठ. त्या डावात चिगोरिनने इव्हान्स सोडून राजाचा गॅम्बिट निवडला आणि तो एका घोड्याने वरचढ होता. त्याचा एक उंट राजाकडच्या कडेचं घर राखून उभा होता. बत्तिसाव्या चालीला त्याने तोच उंट उचलला. स्टाइनिट्झने राखण गेलेल्या घरात हत्तीने शह दिला. पुढच्या चालीला मात. सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललेली लढत एका उंटाने जागा सोडली म्हणून संपली. चिगोरिनला जगज्जेतेपद कधीच मिळालं नाही. स्टाइनिट्झ १९०० मध्ये न्यूयॉर्कमधल्या मनोरुग्णालयात, हातात पैसा नसताना गेला.

इव्हान्सला खरा लगाम घातला तो तिसऱ्याच माणसाने. इमॅन्युएल लास्करने १८९४ मध्ये स्टाइनिट्झचं पद घेतलं आणि पुढे २७ वर्षं ते सोडलं नाही. १८९५ मध्ये त्याने लंडनमध्ये बारा व्याख्यानं दिली. ती पुढे ‘कॉमन सेन्स इन चेस’ या नावाने छापली गेली, आणि त्यात इव्हान्सचाही समाचार आहे. लास्करचं म्हणणं ऐकायला अगदी बाळबोध वाटतं: प्यादं घ्या आणि वेळ आली की परत द्या. काळ्याने उंट दोनदा मागे घेऊन आपल्या वजिराकडच्या सुरक्षित तिरप्या वाटेवर आणायचा, मध्यातलं प्यादं एक घर पुढे करायचं आणि थांबायचं. पांढऱ्याला आपलं प्यादं परत हवं असेल तर त्याने खुशाल घ्यावं. पण त्यात दोन्ही वजीर पटावरून उतरतात आणि मोहरी विरळ होतात. मग उरतो शांत उत्तरार्ध. त्यात राजावरचा हल्ला नसतो, आणि पांढऱ्याची डाव्या बाजूची दोन प्यादी एकटी पडून कुणीही येऊन उचलावी अशी राहतात. बलिदान देण्याची ज्याला हौस, त्याच्यासाठी यासारखी शिक्षा नाही. भांडायला दंड थोपटून आलेल्या माणसाला समोरच्याने हसून उसने पैसे परत द्यावेत आणि चहा पाजावा, तसं.

स्टाइनिट्झच्या लेखी प्यादं मालमत्ता होतं; लास्करच्या लेखी ते खिशातली सुट्टी नाणी. हा फरक कळल्यावर उस्तादांच्या डावांतून इव्हान्स झपाट्याने ओसरला. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध तो क्लबांतल्या हौशी खेळाडूंनी आणि एकट्याने अनेकांशी खेळणाऱ्यांनी सांभाळला. बॉबी फिशरने १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रूबेन फाइनविरुद्धच्या एका अनौपचारिक डावात तो खेळला. एके काळी जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावरचा आणि आता मानसशास्त्रज्ञ झालेला फाइन. त्याने एकामागून एक तीन प्यादी घेतली आणि सतराव्या चालीला मान तुकवली. फिशरला तो डाव इतका आवडला की त्याने तो आपल्या निवडक साठ डावांच्या पुस्तकात घेतला. पण खऱ्या स्पर्धेत, जगातल्या अव्वल खेळाडूंत हे होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

एप्रिल १९९५, रिगा. माजी जगज्जेता मिखाईल तालच्या गावी त्याच्याच स्मरणार्थ भरलेली स्पर्धा. गॅरी कास्पारोव्ह पांढऱ्याकडून आणि समोर पंचवीस वर्षांचा विश्वनाथन आनंद. दोघांची जगज्जेतेपदाची लढत त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कला व्हायची होती. कास्पारोव्हने चौथ्या चालीला घोड्यापुढचं प्यादं पुढे केलं. आनंदने ते घेतलं आणि पाचव्या चालीला उंट सरळ घरी, राजापुढे परत नेला. शहाणपणाची, लास्करच्या वळणाची चाल: घे, आवर, आणि गडबड नको. मग त्याने घोड्याने पांढऱ्याच्या उंटाला हटकलं. जुन्या पोथीप्रमाणे पांढऱ्याने इथे प्यादं परत घ्यायचं आणि सौदा बरोबरीत आणायचा. कास्पारोव्हने उंट नुसता दोन घरं मागे घेतला. प्यादं मागायचं नाही, उसनवारी मिटवायची नाही. वजीर मध्यावर आणायचा आणि काळ्याच्या घोड्यांना पटभर पळवायचं. आनंदचे घोडे पुढे जात, मागे येत, पुन्हा जात. त्याने प्यादी मिळवली, पण किल्लेकोटाची वेळ काही मिळाली नाही. तेविसाव्या चालीला पांढऱ्याचा घोडा मध्यावर येऊन बसला तेव्हा काळ्याचा राजा उघड्यावर चालत आला होता. पंचविसाव्या चालीला आनंदने डाव सोडला. लास्करच्या सौद्यातली फट १०० वर्षांनी सापडली होती: परत दिलेलं घ्यायचंच, असं पांढऱ्यावर बंधन कुठे होतं?

त्या डावाने इव्हान्सचं पुनर्वसन झालं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. आनंदला घरी बसून तयारी करायला वेळ मिळता तर त्याने सुरक्षित वाट शोधली असती, आणि न्यूयॉर्कच्या लढतीत कास्पारोव्हने हे प्यादं पुन्हा पुढे केलं नाही. ती लढत वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७ व्या मजल्यावर झाली. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने जिंकला, दहाव्यात कास्पारोव्हने घरी शिजवून आणलेलं हत्तीचं बलिदान पेश केलं आणि शेवटी साडेदहा विरुद्ध साडेसात. आजचे संगणकही इव्हान्सला चूक म्हणत नाहीत आणि बरोबरही म्हणत नाहीत. नीट खेळलं तर दोघांनाही काही हाती लागत नाही, असा त्यांचा थंड निवाडा. शालेय स्पर्धांत मात्र अजून पोरं ते प्यादं देतात आणि समोरची पोरं घेतात, कारण फुकट मिळालं की हात पुढे जातोच.

कप्तानाला आपल्या चालीचा पुढचा प्रवास कळला नाही. १८७२ मध्ये तो आजारी आणि हलाखीत होता. बुद्धिबळपटूंनी त्याच्यासाठी निधी जमवायला सुरुवात केली होती. ३ ऑगस्टला बेल्जियममधल्या ऑस्टेंडला तो वारला. आयुष्यभर त्याने आणखी एका गोष्टीचा ध्यास घेतला होता: रात्री समुद्रात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून डोलकाठीवर पांढरा, उजवीकडे हिरवा आणि डावीकडे लाल दिवा. ऑस्टेंडच्या थडग्यावरच्या दगडात आधी त्याची टपाल खात्यातली नोकरी कोरलेली आहे, मग जहाजांचे ते तीन रंगांचे दिवे, आणि सगळ्यांत शेवटी, बुद्धिबळाच्या जगातही हा माणूस माहीत होता, असा गॅम्बिटचा उल्लेख.